छत्रीबागेत बेल कोणी दाबत नाही

“आई! ए आई! अगं दार उघड! आई!”

माझा आतेभाऊ आत्याच्या दारासमोर उभा राहून असा ओरडत होता की नदीपलीकडच्या लोकांनी आपापली दारं उघडली. उघडलं नाही ते फक्त आत्याचं. पुण्याहून बसनं रातोरात आलेला माणूस, खांद्यावर बॅग, डोळे लाल, एका हातानं दाराची कडी आपटतोय आणि दुसऱ्या हातानं आईला फोन लावतोय. तो फोन वरच्या मजल्यावर वाजतोय, तो गल्लीत सगळ्यांना ऐकू येतोय. जिचा फोन आहे तिला सोडून.

त्यानं घाबरून मला फोन केला म्हणून मी आणि नवरा परदेशीपुऱ्याहून स्कूटरवर निघालो. मी स्कूटर अशी मारली की वाटेतले सिग्नल मला बघून आपोआप हिरवे झाले. पोचलो तेव्हा छत्रीबागेतली ती चिंचोळी गल्ली माणसांनी गच्च भरलेली. पोहेवाला कढईवर ताट झाकून आलेला. कोणी तरी शिडी आणलेली, पण तिच्यावर चढण्याचा मान प्रत्येक जण दुसऱ्याला देत होता. “भिया, आप चढ़ो.” “नहीं भिया, पहले आप.” एवढ्यात कचऱ्याची गाडी आली. रोज सकाळी गाणं वाजवत येते ती. गर्दी बघून गाडीवाल्यानं गाणं बंद केलं, माइक हातात घेतला आणि सरकारी आवाजात घोषणा केली, “माताजी, दरवाजा खोलिए. आपके लड़के आए हैं.”

तरी काही नाही. आतेभावाचा चेहरा पांढरा पडला. “दार तोडा,” तो म्हणाला, आणि दोघं-तिघं बाह्या सरसावू लागले.

तेव्हा वर गॅलरीत आत्या आली. न्हालेली, केसांना पंचा गुंडाळलेला, हातात वाळत घालायची साडी. तिनं खाली एवढी माणसं पाहिली, शिडी पाहिली, कचऱ्याची गाडी पाहिली आणि हळूच विचारलं, “कोण गेलं?”

माझी आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. मुलींच्या शाळेत गणित शिकवून रिटायर झालेली. नवरा गेल्यापासून त्या घरात एकटी राहते. रस्त्यावरचं दार उघडलं की सरळ जिना, आणि जिन्याच्या वर ती. समोर बसून मोठ्यानं बोललं की सगळं समजतं तिला. पाठ वळली की मात्र तोफ डागा, ती शांतपणे वाटाणे सोलत राहील. कानात घालायचं मशीन मुलानं आणून दिलं आहे, तेही चांगल्यातलं. ते डबीत असतं. “त्यात पंखा गरजतो, भांडी आदळतात, बाथरूमची बादली सिंहासारखी ओरडते,” आत्या म्हणते, “आणि माणसं मात्र पूर्वीसारखीच पुटपुटतात.”

त्या दिवशी वर गेल्यावर आतेभाऊ आधी आईच्या गळ्यात पडला आणि मग तिच्यावर भडकला.

“बस झालं आई. सामान बांध. पुण्याला चल.”

“कशाला?”

“कशाला? आत काही झालं असतं तर आम्हाला कळलं असतं का? दूध घ्यायला तू दार उघडत नाहीस, गॅसवाला परत जातो, शेजारच्या काकू सांगत होत्या. सगळी गल्ली काळजी करते.”

“मग करू दे ना. त्यांना तेवढंच काम.”

“अकराव्या मजल्यावर चांगली मोकळी खोली आहे तुझ्यासाठी. लिफ्ट आहे. उजेड आहे.”

“अकराव्या मजल्यावर मी काय करू? विमानांना टाटा करू?” आत्या म्हणाली. मग तिनं आमच्याकडे पाठ केली आणि साडी वाळत घालायला गेली. तिचं भांडण असंच असतं, पाठ केली की संपलं, समोरच्याचा आवाज आपोआप बंद. पण पदर डोळ्यांना लावलेला मी पाहिला. या घरातून आत्याला उचलणं म्हणजे राजवाडा उचलून देवासला नेऊन ठेवण्यासारखं होतं. नेता येईल कदाचित. पण मग तो राजवाडा राहणार नाही.

म्हणून माझ्या तोंडून निघून गेलं, “मी करून देते ना काही तरी. दार वाजलं की आत्याला कळलंच पाहिजे, असं.”

आतेभावानं माझ्याकडे बघितलं. “ताई, तू आणि तुझा पेचकस.”

“भरोसा नाही का?”

“ठीक आहे,” तो म्हणाला. “नवरात्राच्या आधी मी येईन. सांगून नाही, असाच येईन. दार वाजवीन. आईनं उघडलं, तर राहू दे तिला इथे, मी परत विषय काढणार नाही. नाही उघडलं, तर तिला घेऊनच जाईन.”

आत्यानं पाठ केलेली होती तरी हे तिला कसं कळलं कोण जाणे. ती वळून म्हणाली, “चालेल.”

आता माझ्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण दुसरं कोणी चांगलं सांगणार नाही. माझ्या वडिलांचं पोलोग्राउंडला मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. इतर मुली घर-घर खेळत होत्या तेव्हा मी मल्टिमीटर खेळत होते. आमच्या घरात अशी एक वस्तू नाही जिच्यात मी पेचकस घातला नाही. नवरा सुटला तो केवळ त्याला स्क्रू नाहीत म्हणून. मी दुरुस्त केलेल्या पंख्याच्या वाऱ्यानं शेजाऱ्यांच्या कॅलेंडरचा महिना बदलतो. मिक्सर एकदा इतका छान झाला की चटणी वाटता वाटता ओट्यावरून चालत फ्रिजपर्यंत गेला. नवरा या सगळ्यात टॉर्च धरतो. लग्नात सप्तपदीच्या वेळी त्यानं काय वचन दिलं ते त्याला आठवत नाही, पण टॉर्च मात्र तेव्हापासून धरतो आहे.

पहिलं काम सोपं होतं. जेल रोडवरून एक वायरलेस बेल आणली. तिच्या पोटातला भोंगा काढून टाकला, त्या जागी रिले, म्हणजे दिवे पेटवणारा छोटा स्विच, बसवला आणि रिलेवर लाल दिवे. एक स्वयंपाकघरात ओट्यासमोर, एक बैठकीत टीव्हीच्या वर, एक बाथरूममध्ये, एक देवापाशी. खाली दाराशेजारी पांढरं शुभ्र बटण. दाबलं की वर चारही खोल्यांत लाल उजेड. आम्ही दिवसभर खपलो. भिंतीतून असा धुरळा उडाला की देवघरातला गणपती शिंकेल असं वाटलं. आत्या खुर्चीवर बसून सूचना देत होती, “वायर सरळ लाव. ही काय रेघ आहे? फळ्यावर काढली असतीस तर पुसायला लावली असती.”

नवरा खाली गेला, बटण दाबलं, वर दिवे लागले. आत्यानं टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, झालं.

आठवड्यानं आत्याला विचारलं, “दिवा लागतो ना?”

“एकदाही नाही,” आत्या म्हणाली.

मी सर्किट उघडलं. सगळं ठीक. बटण दाबलं, दिवा लागतो. मग काय भानगड? दुसऱ्या दिवशी सकाळीच मी आणि नवरा समोरच्या पोहेवाल्याकडे प्लेट घेऊन बसलो आणि दारावर नजर ठेवली. वरून शेव आणि जीरावन मसाला भरपूर टाकून घेतला, हेरगिरी उपाशीपोटी करायची नसते.

दूधवाला आला. बटणासमोर उभा राहिला. बटणाच्या बरोबर खाली किटली ठेवली आणि गळ्याच्या शिरा ताणून ओरडला, “आजी! दूध!” थोडा वेळ थांबून निघून गेला. मग शेजारच्या काकू आल्या. त्यांनी बटणाला टेकून उभं राहून हाक मारली, “अहो मॅडम! मेथी आणली आहे!” बटण त्यांच्या खांद्याखाली होतं तरी दबलं नाही, इतकं त्यांनी ते सांभाळलं. मग फुलवाली आली. ती तर दोन घरं आधीपासूनच ओरडत आली.

मी धावत गेले. “काकू, ही बेल आहे ना. दाबायची.”

“हो, बघितली ना,” काकू म्हणाल्या. “छान आहे. पण बेल काय, ते बिजलीवाले दाबतात. नाही तर ते फिल्टर विकणारे. आपण घरचेच ना?”

हे मला समजायला हवं होतं. मी त्याच गल्लीत लहानाची मोठी झाले. छत्रीबागेत बेल कोणी दाबत नाही. बेल दाबली म्हणजे तुम्ही परके. माणूस घरचा आहे हे त्याच्या हाकेवरूनच ठरतं, आणि हाक जेवढी मोठी तेवढं नातं जवळचं. मी पाटी लावली, ‘कृपया बेल दाबावी’. दूधवाल्यानं ती मोठ्यानं वाचली, अक्षराचं कौतुक केलं आणि मग ओरडला, “आजी! दूध!”

“आता?” नवरा म्हणाला.

“आता ओरडण्यावरच दिवा लावायचा,” मी म्हणाले.

ही माझी दुसरी आयडिया. आवाज झाला की चालू होणारं सर्किट. छोटा माइक दाराच्या चौकटीत बसवला, सेटिंग केलं, नवऱ्याला खाली उभं करून ओरडायला लावलं. नवरा जन्मात कोणावर ओरडलेला नाही, माझ्यावर तर नाहीच. तो खाली उभा राहून म्हणाला, “आत्या, आहात का?” एवढ्याशा आवाजानं दिवा लागेना, म्हणून मी सेटिंग वाढवलं. पुन्हा वाढवलं. शेवटी त्यानं घसा खाकरला आणि दिवे लागले. मी म्हणाले, “बस, हेच.”

दुसऱ्या दिवशी कचऱ्याची गाडी गाणं म्हणत गल्लीत शिरली आणि आत्याच्या घरात प्रलय झाला. चारही दिवे धडाधड पेटत होते, विझत होते. आत्या खाली आली, दार उघडलं, तर गाडीवाला म्हणतो, “माताजी, आज कचरा जल्दी ले आईं!” ती वर गेली. कुकर लावला. कुकरनं शिट्टी दिली, दिवे लागले. आत्या खाली. कोणी नाही. वर आली, दुसरी शिट्टी. पुन्हा खाली. डाळ शिजेपर्यंत बाई जिना चढत-उतरत राहिली. गल्लीत मोटारसायकल सुरू झाली, खाली. शेजारी पापड भाजताना भांडण झालं, खाली. गणपती बसले आणि मंडळाचा स्पीकर लागला तेव्हा तर दिवे थांबेचनात. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झाँक्या, ते दिव्यांचे चित्ररथ, बघायला निघालेले लोक गल्लीत थांबले, त्यांना वाटलं यंदा इथेही एक झाँकी आहे. काही जणांनी वर बघून हात जोडले. गॅलरीत आत्या उभी होती. तिनंही आशीर्वाद दिला.

दुसऱ्या दिवशी तिनं मला फोन केला. ती फोन करते तेव्हा फक्त बोलते, ऐकत नाही.

“हे बघ बेटा, माझे गुडघे गेले. कुकर भेटायला येतो, मोटारसायकल भेटायला येते. मी काल स्वतः शिंकले आणि स्वतःसाठीच दार उघडायला गेले. हे काढ. आणि त्याला सांग, मी येते पुण्याला.”

फोन बंद.

आता मी हसतेय, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही. आत्यानं कधी हार मानलेली मी पाहिली नव्हती. पंचवीस-पंचवीस खट्याळ मुलींना भागाकार शिकवलेली बाई, ती पुण्याला येते म्हणाली, आणि तेही माझ्या यंत्रामुळे. नवरा म्हणाला, “पुन्हा पोहे खायला जाऊ या का?” मला वाटलं याला पोहे सुचताहेत. पण त्याचं म्हणणं असं की आपण पहिल्या वेळी ऐकत बसलो, बघितलं नाही.

म्हणून गेलो. या वेळी मी कान झाकून बसले. खरंच. दोन्ही हातांनी. पोहेवाला म्हणाला, “दीदी, तबियत?” मी नुसती बघत राहिले, आत्याला जसं जग दिसतं तसं. दूधवाला आला. तोंड उघडलं, आणि त्याच वेळी उजवा हात कडीवर गेला. खडखड. काकू आल्या, एका हातात भाजी, दुसरा हात कडीवर. फुलवाली, कडी. पोस्टमन, कडी. प्रत्येकाचं तोंड हाक मारत होतं आणि हात कडी हलवत होता, कोणाला त्याचं भानही नव्हतं. ती जुनी लोखंडी कडी, शंभर वर्षांच्या हातांनी गुळगुळीत झालेली. हाक हा आमच्या गल्लीचा मान, पण काम कडीच करत होती.

मी पोह्यांची प्लेट सोडून उठले. माझ्या आयुष्यात मी हे एकदाच केलं आहे.

संध्याकाळपर्यंत माइक बाहेर आणि धक्क्याचा सेन्सर आत. हरभऱ्याच्या दाण्याएवढी वस्तू. कडी जिथे दाराला ठोकलेली असते तिथे, दाराच्या आतल्या बाजूनं पक्की बसवली. कडी हलली की दार हलतं, दार हललं की दिवा. एक धक्का, एक लुकलुक. जोराचा धक्का, जास्त वेळ उजेड. कुकर कितीही कोकलो, दिवा ढिम्म. कचऱ्याची गाडी गेली, दिवा ढिम्म. आत्यानं खुर्ची स्वयंपाकघरात ओढून घेतली आणि दिव्याकडे बघत बसली, क्रिकेटच्या मॅचसारखी.

एकच घोटाळा राहिला. सकाळी एक गाय येते, पोळी मिळेपर्यंत मान दाराला घासते. दिवा मंद मंद लुकलुकत राहतो. मी म्हणाले, “सेटिंग कमी करते, मग गाय लागणार नाही.”

“राहू दे,” आत्या म्हणाली. “तीही भेटायलाच येते.”

मग एका रविवारी मी आत्याकडे होते. ती भुट्ट्याचा कीस करत होती. मक्याचा कीस तुपात परतून झाला होता, नुकतंच दूध घातलं होतं, आणि आता तो ढवळत राहायचा, हात थांबला की खाली लागतो. मी स्वयंपाकघराच्या दारात बसून मिरच्या निवडत होते.

ओट्यासमोरचा दिवा लागला. लागला म्हणजे काय, पेटला. लाल, लाल, लाल, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. मी गॅलरीतून वाकून बघितलं. खाली आतेभाऊ. बॅग खांद्यावर.

माझ्या छातीत मोटर सुरू झाली. मी उघडायला जाणार नव्हते, तो बेईमानीचा मामला झाला असता. मी आत्याकडे बघितलं. आत्यानं दिव्याकडे बघितलं. आणि ढवळत राहिली.

“आई! ए आई!” खालून हाक आली. दिवा तडफडत होता.

“आत्या!” मी तिच्यासमोर जाऊन म्हणाले. “दिवा!”

“दिसतोय,” आत्या म्हणाली.

“मग?”

“बाजूला हो, वाफ लागेल.”

मी देवाला नमस्कार केला. देवापाशीही दिवा पेटलेला, तोही घाबरलेला. खाली हाका वाढल्या. शेजारच्या काकूंचा आवाज मिसळला, मग पोहेवाल्याचा. मला शिडी दिसायला लागली, माइक दिसायला लागला, पुण्याचा अकरावा मजला दिसायला लागला. आत्यानं कीस चाखला. मीठ घातलं. लिंबू पिळलं. कोथिंबीर भुरभुरवली. मग गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि जिना उतरली.

आतेभाऊ वर आला तो घामाघूम.

“बघितलंस ताई? फेल! तुझं यंत्र फेल! मी किती वेळ उभा आहे!”

“दिवा लागला होता,” मी म्हणाले. “पहिल्याच धक्क्याला.”

“मग तिला दिसला नाही. म्हणजे तेच झालं. आई, ठरलं होतं आपलं.”

आत्यानं त्याच्यासमोर किसाची बशी ठेवली. तेवढ्यात ओट्यासमोरचा दिवा दोनदा लुकलुकला आणि थांबला. आत्यानं मान वर केली नाही. “दूधवाला,” ती म्हणाली. “आज उशीर केला यानं.”

आतेभाऊ गॅलरीत गेला. खाली दूधवाला होता. आतेभाऊ खाली जाऊन दूध घेऊन वर आला तेव्हा दिव्यानं एकदा लांब उजेड दिला, मग लगेच छोटे दोन. “शेजारची,” आत्या म्हणाली. “काय झालं ते बघायला आली असेल. तिला सांग, काही नाही.”

आतेभावाचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आईला त्यानं जिना उतरताना बघितलं होतं, चष्मा शोधताना बघितलं होतं, पण गल्लीतली सगळी माणसं लाल उजेडात ओळखताना बघितलं नव्हतं. मीही नव्हतं. मी नुसता दिवा बसवला होता, त्याची भाषा तिनं एकटीनं शिकली होती.

तरी तो पुण्याचा झालाय, असा थोडाच ऐकणार? उठून खाली गेला. दार बाहेरून ओढून घेतलं, आणि थोड्या वेळानं दिवा अगदी हळू, सभ्यपणे, एकदा लागला. जरा थांबून परत एकदा. एखादा लाजरा पाहुणा यावा तसा.

आत्यानं दिव्याकडे बघितलं आणि दुसऱ्या बशीत कीस वाढायला घेतला. “नाटक करतोय,” ती म्हणाली. “लहानपणी झोपेचं सोंग घ्यायचा तेव्हाही असाच.”

तो वर आला. मी त्याला आत्या काय म्हणाली ते सांगितलं. बसला, कीस खाल्ला, अजून मागून घेतला. मग मोबाईल काढला आणि परतीच्या दोन तिकिटांतलं एक माझ्यासमोर रद्द केलं. माझ्याकडे बघून म्हणाला, “बॅटरी आहे ना याला? लाइट गेली तर?”

“आहे,” मी म्हणाले. “पूर आला तरी चालेल.”

बशी चाटूनपुसून झाली तरी त्याच्या मनातलं काही जाईना. तो आईच्या समोर सरकून बसला, तिला नीट दिसेल असा, आणि मोठ्यानं म्हणाला, “पण आई, दिव्यावरून मीच आहे हे तुला कळलं होतं. मग मला एवढा वेळ दारात का उभं केलंस?”

आत्या कढईच्या तळाशी चिकटलेलं खरवडत होती.

“तूच होतास ना,” ती म्हणाली. “परकं कोणी असतं तर गॅस बंद करून आले असते.”